चालू पत्त्यांवरून मेल परत येतायत, एका रात्रीत १३१ सदस्य बंद

कातळवाट | रविवार, सकाळी ९:१०

तंत्रज्ञान विभागात माझा हा पहिलाच धागा. शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आमच्या डोंगरभटक्या मंडळींची एक मेलिंग लिस्ट आहे, आम्ही तिला 'यादी' म्हणतो. मूळची याहू ग्रुप्सवरची. २०१९ च्या ऑक्टोबरात तिकडे आवराआवर सुरू झाली आणि १५ डिसेंबर २०२० ला ते दुकान कायमचं बंद झालं. त्याआधीच आम्ही वर्गणी काढून स्वतःचं डोमेन घेतलं आणि होस्टिंगवाल्याच्या पॅनेलात मिळणाऱ्या मेलमॅन २.१ वर (मेलिंग लिस्ट चालवणारा प्रोग्राम) यादी हलवली. सदस्य २१२. मी पेशाने बँकेतला, पण 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना' एवढ्या भांडवलावर यादीची चावी माझ्या कनवटीला लागली ती आजतागायत.

काल रात्री झोपलो तोवर सगळं ठीक होतं. सकाळी चहा घेताना मेल उघडली तर मेलमॅनच्या १३१ सूचना! अमुक सदस्याला मेल पाठवणं थांबवलं आहे, कारण फार बाउन्स (न पोचता परत आलेल्या मेल) आले. एकशे एकतीस. म्हणजे निम्म्याहून जास्त यादी गेली.

त्यातल्या चौघांना फोन केले. चौघांचीही मेल व्यवस्थित चालू आहे, एकाने तर बोलता बोलता मला मेल करून दाखवली. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून त्यांना थेट पाठवलेली पोचते. होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर अर्धा तास घालवला, उत्तर आलं की सदस्यांचे मेलबॉक्स भरले असतील.

कुठून सुरुवात करू?


सातारी_तिखट | रविवार, ९:३२

व्हॉट्सॲप ग्रुप काढा आणि मोकळे व्हा की राव. २१२ माणसांसाठी कोण मेल वाचतंय.


कातळवाट | रविवार, ९:४०

@सातारी_तिखट, तोही आहे. त्यावर सुप्रभात असतं. यादीवर वाटांची वर्णनं, पाण्याच्या टाक्यांची माहिती, कुठल्या घळीत दोर लागतो ते असतं, आणि सहा वर्षांपूर्वीचं लिखाण शोधलं की सापडतं.


चष्मिश | रविवार, १०:०५

होस्टिंगवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हो. जीमेलची १५ जीबी ही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. माझ्या सासऱ्यांची जागा गुलाबाच्या फुलांवरच्या सुविचारांनी भरली होती, तीन महिने त्यांना बँकेची एकही मेल आली नव्हती. शिवाय दोन वर्षं न उघडलेली खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला घेतली आहेत. जुन्या यादीत असे दोन्ही प्रकार निघणारच.

पण १३१ जणांचे डबे एकाच शनिवारी भरले, हे काही पटत नाही.


टपालहंशील | रविवार, १०:२०

रुमाल टाकतो. कातळवाट, मेलमॅनच्या त्या प्रत्येक सूचनेला ज्या बाउन्समुळे बंद केलं तो मूळ बाउन्स जोडलेला असतो. तो उघडा आणि त्यातला आकडा सांगा. अंदाजपंचे बोलण्यात अर्थ नाही, बाउन्स स्वतःच सांगतो.

तीन आकडी संख्या असेल. ४ ने सुरू होत असेल तर 'आत्ता नाही, नंतर या', ५ ने सुरू होत असेल तर 'येऊच नका'. त्यापुढे टिंबं टिंबं असलेला दुसरा आकडा असेल, खरी गोष्ट त्यात आहे. ५.१.१ म्हणजे असा माणूसच इथे राहत नाही. ५.२.२ म्हणजे डबा भरला. ५.७ ने सुरू होणारे म्हणजे माणूस आहे, जागाही आहे, पण दारावरच्याने आत सोडलं नाही.


कातळवाट | रविवार, दुपारी १२:५५

बसून १३१ च्या १३१ उघडले. जेवणाला बोलावणं आलंय, पण आधी हे टाकतो.

५.१.१ वाले ४. ५.२.२ वाले ५. म्हणजे चष्मिशताईंचा अंदाज नऊ जणांपुरता बरोबर निघाला.

उरलेल्या १२२ ना एकच आकडा आहे, ५५० ५.७.२६. खाली इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा, की याहूच्या डोमेनवरून आलेली ही मेल ओळख न पटल्यामुळे, त्या डोमेनच्या डीमार्क धोरणानुसार (ओळख न पटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या) स्वीकारलेली नाही.

आता मला सांगा, यात याहू कुठून आलं? ह्या १२२ मधल्या एकाचाही पत्ता याहूचा नाही, सगळे जीमेलवाले आहेत. आणि यादी आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे. जुनं भूत मागे लागलंय का?


खटपट्या | रविवार, १:३०

५.७ म्हणजे ओळखपत्राची भानगड. डोमेनचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो.


खटपट्या | रविवार, २:१५

सापडला चोर! तुमच्या डोमेनला एसपीएफच्या, म्हणजे डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायची ते सांगणाऱ्या, दोन नोंदी आहेत. एक होस्टिंगवाल्यांनी घातलेली, दुसरी कुणीतरी नंतर वर्गणीच्या पावत्या पाठवायची सेवा जोडताना घातलेली दिसते. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन असल्या की तपासणारा दोन्ही बाजूला ठेवतो आणि 'कायमची चूक' असा शेरा मारतो, मग आत कितीही बरोबर लिहिलेलं असो. दोन्ही एकत्र करून एका ओळीत लिहा. आतल्या इन्क्लूड वगैरेंसाठी डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) चौकश्या मिळून १० च्या वर जाऊ देऊ नका, तीही मर्यादा आहे.

आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत, ते ऐकलं असेलच.


टपालहंशील | रविवार, २:४०

दोन नोंदी ही चूक आहेच, दुरुस्त कराच. पण ते २०२४ चे बडे नियम जीमेलला दिवसाला ५००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत. यांची २१२ माणसं, दिवसाला एखादं पत्र. लहानांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल मोहोर) यातलं एक, आयपीची उलटी नोंद (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून त्याचं नाव सांगणारी), अशा मोजक्या गोष्टींवर निभावतं.

बाउन्समध्ये याहूचं नाव आहे, कातळवाट यांच्या डोमेनचं नाही. मला ते खटकतंय. संध्याकाळी बसतो, आत्ता बाहेर आहे.


कातळवाट | रविवार, रात्री १०:५०

खटपट्या भाऊ, दंडवत! नोंद एक केली. बंद पडलेल्यांपैकी दहा जणांना पुन्हा चालू केलं आणि यादीवर चाचणीचं पत्र टाकलं. दहाही जणांना मिळालं! उद्या सकाळी बाकीच्यांना चालू करतो. सगळ्यांचे आभार.


खटपट्या | रविवार, ११:०५

आभार कसले, कधी भेटलो तर मिसळ लागू आहे :)


कातळवाट | सोमवार, सकाळी ८:४५

मिसळ थांबवा.

आज सकाळी यादीवर एका काकांचं पत्र आलं. पॅनेलमध्ये कुठली मेल कुणाला पोचली याची नोंद दिसते, तिथे बघितलं तर कालच्या दहाच्या दहा जणांकडून परत. तोच आकडा, ५.७.२६. काल रात्री ज्यांना माझी चाचणी पोचली तेच हे दहा जण.

डोकं चालेनासं झालंय.


मिरगाचा_पाऊस | सोमवार, ९:२०

मला यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, धागा वाचतेय फक्त. पण एक शंका आहे. सदस्याला बंद केल्यावर मेलमॅन त्या सदस्यालाही 'तुम्हाला बंद केलंय' असं कळवतो ना? ते पत्र त्या लोकांना मिळालं का?


कातळवाट | सोमवार, ९:३५

मिळालं की! रविवारी मला त्याचेच तर फोन येत होते, 'आम्हाला का काढलं' म्हणून.


मिरगाचा_पाऊस | सोमवार, ९:३७

मग ज्या पत्त्यावर मेल पोचत नाही असं तुमची यादी म्हणते, त्याच पत्त्यावर 'तुमच्याकडे मेल पोचत नाही' ही मेल पोचली कशी?


चष्मिश | सोमवार, ९:४१

अरे देवा. हे कुणालाच कसं सुचलं नाही!


टपालहंशील | सोमवार, १०:१५

मिरगाचा_पाऊस, तुम्ही 'तांत्रिक कळत नाही' म्हणणं आजपासून बंद करा. हाच प्रश्न होता.

ते कळवणारं पत्र यादीच्या स्वतःच्या नावाने गेलं, पोचलं. चाचणीचं पत्र कातळवाट यांच्या नावाने गेलं, तेही पोचलं. काकांचं पत्र परत आलं. म्हणजे घेणारे तिन्ही वेळा तेच होते, बदलला तो पाठवणारा. कातळवाट, एकच सांगा. काकांचा पत्ता याहूचा आहे का?


कातळवाट | सोमवार, १०:१८

आहे. पहिल्यापासून. याहू ग्रुप्सच्या जमान्यातला.


टपालहंशील | सोमवार, ११:३०

मग ऐका. लांब लिहितोय, पण यादी चालवणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी ही वेळ येते.

ईमेलला दोन पाठवणारे असतात. एक पाकिटावरचा, एक आतल्या पत्रावरचा. टपालातही तसंच की. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून जो पत्ता लिहिला असेल तिथे परत आलेलं पाकीट जातं, आत सही कुणाची आहे ते पोस्टमन बघत नाही. यादी जेव्हा काकांचं पत्र २१२ जणांना पुढे पाठवते तेव्हा पाकिटावर यादीचा बाउन्सवाला पत्ता घालते. म्हणून तर बाउन्स काकांकडे न जाता मेलमॅनकडे येतात, त्याला मोजता येतात. पण आतल्या पत्रावर, म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या 'फ्रॉम'मध्ये, काकांचाच याहूचा पत्ता राहतो.

एसपीएफ पाकीट तपासतं. हे पाकीट तुमच्या सर्व्हरवरून निघालं, तुमच्या डोमेनचं आहे, ठीक. डीकेआयएम म्हणजे लाखोट्यावरची लाख. काकांनी पत्र लिहिलं तेव्हा याहूने विषय आणि मजकूर यांच्यावर आपली मोहोर उठवली. आता तुमची यादी काय करते? विषयाच्या आधी चौकटी कंसात यादीचं नाव चिकटवते आणि मजकुराच्या खाली 'सदस्यत्व रद्द करायचं असल्यास' ही शेपटी जोडते. करते ना? झालं, लाख फुटली. मजकूर एका अक्षराने बदलला तरी ती मोहोर जुळत नाही.

आता डीमार्क. तो विचारतो, पत्रावर ज्या डोमेनची सही आहे त्याच डोमेनच्या नावाने पाकीट किंवा मोहोर यातलं निदान एक खरं आहे का? पाकीट खरं आहे पण तुमच्या डोमेनचं. मोहोर याहूची आहे पण फुटलेली. दोन्ही गेलं. मग तो सहीवाल्या डोमेनला विचारतो की अशा पत्राचं काय करू, आणि याहूने डीएनएसमध्ये लिहून ठेवलंय पी=रिजेक्ट, आत घेऊ नका. जीमेल फक्त ते ऐकतं.

हे आजचं नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने हे धोरण लावलं, त्याच महिन्यात एओएलनेही, आणि जगभरच्या मेलिंग लिस्टांचं कंबरडं मोडलं. त्यांची कारणं होती, त्यांच्या ग्राहकांच्या नावाने खोट्या मेलींचा पूर आला होता. पण डीमार्क आखताना बँका, दुकानं अशा थेट पाठवणाऱ्यांचा विचार होता. मधे यादी बसलीय आणि ती पत्राला हात लावते, ही शक्यता त्यात बसत नव्हती.

तुमची चाचणी का पोचली? कारण तुमचा पत्ता जीमेलचा, आणि जीमेलने स्वतःच्या पत्त्यांसाठी पी=नन ठेवलंय. तुमच्या पत्राचीही लाख फुटलीच होती, पण 'तरी चालेल' असं मालकाने लिहिलेलं होतं.

आणि शिक्षा कुणाला झाली बघा. पत्र काकांचं, लाख फोडली यादीने, आणि बाउन्सचे गुण लागले घेणाऱ्या १२२ जणांच्या खात्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी. मेलमॅनला वाटतं की बाउन्स म्हणजे घेणाराच बिघडलाय, त्याला दुसरं काही कळत नाही.


खटपट्या | सोमवार, ११:५०

माझा चोर भुरटा निघाला. मान्य.


टपालहंशील | सोमवार, ११:५५

भुरटा असला तरी उपयोगी आहे. पुढे सांगतो.


कातळवाट | सोमवार, दुपारी १:२०

तीनदा वाचलं. डोक्यात शिरलं. आता एकच अडतंय. काका यादीवर पहिल्यापासून आहेत. मग हे आत्ताच का झालं?


टपालहंशील | सोमवार, १:४५

काका पूर्वी किती वेळा लिहायचे?

मेलमॅन एका सदस्याला दिवसाला जास्तीत जास्त एकच गुण लावतो. ५ गुण भरले की बंद. आणि मध्ये ७ दिवस बाउन्स आला नाही तर पाटी कोरी होते. हे तिन्ही आकडे मूळ सेटिंगमधले आहेत, तुम्ही बदलले नसतील तर तेच असणार.


कातळवाट | सोमवार, २:३०

अरे बाप रे.

काकांनी नर्मदा परिक्रमा पुरी केली, पायी. गेल्या मंगळवारपासून तिचं वर्णन रोज एक भाग असं यादीवर टाकायला घेतलंय. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि. शनिवारी रात्री पाचवा भाग! रविवारी त्यांची सुट्टी असते, आज सकाळी आला तो सहावा. त्याआधी वर्षाकाठी त्यांची चार-दोन पत्रं यायची.

ते ५.१.१ वाले चौघे आणि ५.२.२ वाले पाच जणही त्याच रात्री का पडले हेही आत्ता कळलं. एरवी यादीवर पंधरा दिवसांनी एखादं पत्र, पाटी कोरी व्हायची. लागोपाठ पाच दिवस पत्रं पहिल्यांदाच आली.


नळावरची | सोमवार, ३:०५

मी ह्या यादीवर आहे, सिंगापूरहून. पत्ता जीमेलचाच, त्यामुळे शनिवारी माझीही विकेट पडली. हे वाचून एक जुनं कोडं सुटलं. मला यादीवर कधीकधी नुसतीच उत्तरं दिसायची, 'वा काका, सुंदर' वगैरे, आणि काकांचं मूळ पत्र मात्र नसायचं. मला वाटायचं मीच चुकून उडवलं असेल. ज्यांचा पत्ता ऑफिसचा आहे त्यांना मिळत असणार, ते उत्तर द्यायचे आणि त्यात काकांचं खाली थोडंफार दिसायचं.

म्हणजे यादी हलवल्यापासून जीमेलवाल्यांपैकी कुणालाच काकांचं एकही पत्र आलेलं नाही?


कातळवाट | सोमवार, ३:२५

तसंच दिसतंय. आणि हे वाचून मला वेगळीच गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी भीमाशंकरच्या शिडी घाटावर त्यांनी फार छान लिहिलं होतं. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, 'हल्ली आमचं लिखाण पोरांना जुनाट वाटतं, दोन-तीन जणांशिवाय कोणी बोलत नाही.' मी हसून वेळ मारून नेली होती.


मिरगाचा_पाऊस | सोमवार, ३:३०

आधी त्यांना फोन करा.


कातळवाट | सोमवार, ३:३१

करतो. आता उपाय सांगा.


सातारी_तिखट | सोमवार, ३:५०

काकांना जीमेल काढून द्या, दहा मिनिटांचं काम.


चष्मिश | सोमवार, ४:१०

पंचवीस वर्षांचा पत्ता, त्याला बँक, विमा, पेन्शन सगळं जोडलेलं. आणि उद्या दुसऱ्या कुणी ऑफिसच्या पत्त्यावरून लिहिलं आणि त्या ऑफिसने पी=रिजेक्ट लावलं असेल तर? ते आता खूप ठिकाणी आहे.


टपालहंशील | सोमवार, ४:४०

+१. पाठवणाऱ्याला बदलायला लावू नये, यादीने वागणं बदलावं. दोन रस्ते आहेत.

पहिला, लाख फोडायचीच नाही. विषयातलं नाव काढा, शेपटी काढा, पत्र जसं आलं तसं पुढे पाठवा. मग याहूची मोहोर शाबूत राहते आणि डीमार्क पास होतो. मला हा रस्ता मनापासून आवडतो. पण कुणीतरी काही तिसरंच सेटिंग चालू करतं, उदाहरणार्थ जोडपत्रं गाळणं, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

दुसरा, मेलमॅनच्या प्रायव्हसीच्या पानात पाठवणाऱ्यांची जी गाळणी आहेत तिथे डीमार्क मॉडरेशन ॲक्शन म्हणून सेटिंग आहे. २.१.१८ पासून पुढच्या सगळ्यांत असतं. ते 'मंज फ्रॉम' करा. मग ज्या डोमेनचं धोरण कडक आहे त्यांच्याच पत्रांचा 'फ्रॉम' यादीच्या पत्त्याचा होतो, नाव काकांचंच पण पुढे 'व्हाया' यादी असं लागतं, आणि त्यांचा खरा पत्ता रिप्लाय-टू मध्ये जातो. बाकीच्यांच्या पत्रांना हात लागत नाही. 'रॅप मेसेज' असाही पर्याय दिसेल, त्यात मूळ पत्र आत गुंडाळून जातं. मोबाइलवर ते जोडपत्रासारखं दिसतं आणि लोक शिव्या घालतात. नको.

आता खटपट्यांचा भुरटा चोर. 'फ्रॉम' तुमच्या डोमेनचा झाला की तपासणी तुमच्या डोमेनची होणार. इतके दिवस एसपीएफ मोडका असून निभावलं कारण होस्टिंगवाल्यांचं डीकेआयएम चालू असावं, ते एकदा पॅनेलमध्ये बघून घ्या. एसपीएफ तर काल दुरुस्त झालाच.


बे_एके_बे | सोमवार, ५:१५

टपालहंशील, आमच्याकडे वेगळाच प्रकार. बाउन्स येतो त्या पत्त्याचा माणूस यादीतच नाही! कुणाला काढू?


टपालहंशील | सोमवार, ५:३०

तो सदस्य कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा वगैरे पत्ता वापरत असेल आणि तिथून त्याने मेल पुढे दुसरीकडे वळवली असेल. पुढचा डबा भरला, बाउन्स पुढच्याच्या नावाने. यावर डी. जे. बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये क्यूमेल या आपल्या मेल सर्व्हरसाठी तोडगा काढला, त्याला व्हर्प म्हणतात. प्रत्येक प्रतीच्या पाकिटावरच्या पत्त्यातच तो सदस्य कोण ते गुंफलेलं असतं. मग बाउन्सच्या आत काय लिहिलंय ते वाचायची गरजच नाही, तो कुठल्या पत्त्यावर परत आला यावरून माणूस कळतो. तुमच्या होस्टिंगवाल्यांना चालू करायला सांगा. तोवर यादीवर एक पत्र टाकून पुढे पत्ता वळवणाऱ्यांना हात वर करायला सांगा.


पैठणी_कट्टा | सोमवार, ६:००

अवांतर: माझा एक पत्ता पूर्ण देवनागरीत आहे, शेवटी .भारत असलेला. त्यावरून कुठल्याही यादीचं सदस्य होता येत नाही. हेही डीमार्कच का?


टपालहंशील | सोमवार, ६:२०

नाही. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ ही जोड यायला हवी, २०१२ चं मानक आहे. एकाला जरी येत नसेल तर तिथून परत. मेलमॅन २.१ तर सदस्य करून घेतानाच पत्ता नाकारतो. तुमच्यापुरतं म्हणजे रोमन अक्षरांतला जोडपत्ता घ्या आणि तो यादीला द्या.


कातळवाट | मंगळवार, सकाळी ११:४०

केलं! 'मंज फ्रॉम' लावलं. डीकेआयएम चालू होतं. काकांचा सातवा भाग आज सकाळी यादीवर आला आणि चाचणीच्या दहाही जणांना पोचला. पॅनेलमध्ये सगळे हिरवे.

एक गोंधळ मात्र मी घातलाच. बंद पडलेल्यांना चालू करायला कमांड लाइन नाही, तेव्हा सदस्यांच्या पानांवर अक्षरवार जाऊन 'नोमेल'ची खूण काढत बसलो. उत्साहाच्या भरात त्या पानांवर दिसलेल्या सगळ्याच खुणा काढल्या. तासाभरात तिघांच्या मेली. त्यांनी स्वतःहून मेल बंद ठेवली होती, मी का चालू केली म्हणून. त्यातल्या एका बाईंनी फार सभ्य शब्दांत फार वाईट सुनावलं.


टपालहंशील | मंगळवार, १२:१०

अहो, त्या खुणेच्या शेजारी कंसात एक अक्षर असतं. बी म्हणजे बाउन्समुळे बंद, यू म्हणजे सदस्याने स्वतः बंद केलेलं, ए म्हणजे चालकाने. फक्त बी वाल्यांना हात लावायचा होता. सांगायला हवं होतं, माझीही चूक.

आणि ते नऊ जण? त्यांना चालू केलं नाहीत ना?


कातळवाट | मंगळवार, १२:२५

केले होते, पुन्हा बंद केले. पाच जणांना फोन केला, डबे रिकामे करतो म्हणालेत. चौघांपैकी दोघांचे नवे पत्ते मिळाले, एकाचा फोनच लागत नाही. एक जण आता नाहीत. त्यांचं नाव यादीतून काढायला हात धजत नाही, राहू दे.


नळावरची | मंगळवार, १:००

मला भाग सात मिळाला! पण आधीचे सहा?


कातळवाट | मंगळवार, १:१०

संग्रहात सगळे आहेत. यादीकडे पत्र पोचत होतंच, अडत होतं ते पुढे. संग्रहाचा दुवा यादीवर टाकतो. २०१९ पासूनची काकांची सगळी पत्रं आज पहिल्यांदा वर काढून बघितली, ३१ निघाली. शिडी घाटही आहे.


मिरगाचा_पाऊस | मंगळवार, १:१५

काकांना फोन केलात?


कातळवाट | मंगळवार, रात्री ९:३०

काल संध्याकाळी केला होता. लाख, पाकीट, मोहोर सगळं समजावलं. ते पोस्टातूनच निवृत्त झालेत हे मी विसरलो होतो. म्हणाले, 'म्हणजे पत्र डेड लेटर ऑफिसला गेलं आणि तुम्ही घरमालकालाच गावातून उठवलंत.' मग थोडा वेळ काही बोललेच नाहीत. नंतर विचारलं, 'म्हणजे शिडी घाट त्यांनी वाचलाच नव्हता?'

आज परत फोन. सातव्या भागाला संध्याकाळपर्यंत चौदा उत्तरं आलीत, त्याबद्दल असेल असं वाटलं. तर म्हणाले, 'हे माझ्या नावापुढे व्हाया काय लावलंयस? मी ओंकारेश्वराहून सरळ चालत आलोय.'


खटपट्या | मंगळवार, ९:४५

हाहाहा! दुवा इथे पण टाका हो, यादीबाहेरच्यांना वाचता येईल का?


कातळवाट | मंगळवार, ९:५०

संग्रह फक्त सदस्यांना दिसतो. सदस्य व्हा. तेवढं जीमेलचा डबा भरलेला नाही ना ते आधी बघा.